पाऊस किती पडणार ते कळतंय, पान किती तास ओलं राहणार ते सांगा

ठाणे जिल्ह्यासाठी हवामानावरून शेतीचा सल्ला लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि पुढे पाठवणाऱ्या सगळ्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी राहतो कळव्याला, नोकरी ऐरोलीत आणि शेती मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अंगाला माळशेजच्या पायथ्याशी. शेती बघतात दादा आणि वहिनी, मी सुट्टीला आणि आवणीला (भाताच्या लावणीला) नि कापणीला असतो. भात, भातामागून वाल, आणि विहिरीला पाणी असेल तोवर भेंडी, काकडी, थोडी मिरची. तुमचा सल्ला माझ्या मोबाइलवर येतो आणि मी संध्याकाळी फोन लावून दादाला वाचून दाखवतो. अशी घरं ठाणे, डोंबिवली, घणसोली, कोपरखैरणे सगळीकडे आहेत, माणूस शहरात आणि सातबारा गावात, त्यामुळे हे पत्र मी एकट्याच्या वतीने लिहीत नाहीये असं समजा.

मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी ती तुमची सल्ल्याची पत्रिका आम्ही खरंच वाचतो. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, ढग, सकाळची आणि दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग नि दिशा, सगळं त्यात असतं आणि पावसाचा अंदाज पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला येतो, हे मनापासून सांगतो. अडचण त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. वातावरण ढगाळ आणि दमट असल्याने भातावर करपा येण्याची शक्यता आहे, उघडीप बघून शिफारशीतलं बुरशीनाशक मारा, असं साधारण ते वाक्य असतं. आता तुम्हीच सांगा, आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंत कुठला आठवडा ढगाळ आणि दमट नसतो? जून ते ऑक्टोबर हे वाक्य रोजच खरं आहे, आणि जे रोज खरं असतं त्याच्यावरून दादाने आज पंप पाठीला लावायचा की नाही ते कसं ठरवायचं?

मला यात नेमकं काय हवंय ते सांगतो, त्यासाठी करपा येतो कसा तेही लिहावं लागेल. तुम्हाला ते माहीतच आहे पण हे पत्र आमच्यासारखेही वाचतील म्हणून लिहितो.

करप्याच्या बुरशीचं बी, म्हणजे बीजाणू, हवेतून येऊन पानावर बसतो आणि बसल्या बसल्या काही करत नाही. त्याला पानावर पाणी लागतं, हवेतला दमटपणा नाही, प्रत्यक्ष थेंब, मग तो पावसाचा असो की दवाचा. पाणी मिळालं की काही तासांत त्याला कोंब फुटतो, कोंबाच्या टोकाला एक छोटी गोल गाठ तयार होते, ती पानाला घट्ट चिकटते आणि तिच्या आत दाब वाढत जातो, हवेच्या दाबाच्या ऐंशी पटीपर्यंत, म्हणजे गाडीच्या टायरात जेवढा असतो त्याच्या तीसेक पटीहून जास्त, आणि त्या दाबाने ती पानाची कातडी भोसकून आत घुसते. हे सगळं होईपर्यंत पान ओलं राहायला हवं. पंचविसेक अंश तापमानात पान सलग दहा तासांच्या आसपास ओलं राहिलं की बुरशीचं काम जोरात होतं, मधेच पान सुकलं तर बरेचसे बीजाणू तिथेच मरतात. आत शिरल्यावर चार ते सात दिवसांनी आपल्याला तो डोळ्यासारखा ठिपका दिसतो, दोन्हीकडे टोकदार, मधे राखाडी, कडेला तपकिरी, आणि अशा एका ठिपक्यातून रात्रीत हजारो नवे बीजाणू सुटतात, तेही बहुतेक पहाटेच्या अंधारातच.

म्हणजे आज जो ठिपका दिसतोय तो गेल्या आठवड्यातल्या एखाद्या रात्रीचा आहे, आणि ती रात्र कुठली हे पावसाच्या मिलीमीटरवरून कळतच नाही.

श्रावणातले दोन दिवस घ्या. एका दिवशी दुपारी धो धो पडून शंभर मिलीमीटर झाला, संध्याकाळी वारा सुटला, रात्री पान सुकलं. दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापकात दोन मिलीमीटरही नाही, पण संध्याकाळी सहापासून झिमझिम, रात्रभर डोंगरावरून उतरलेलं धुकं, वारा बंद, आणि सकाळी दहा वाजता पानावरून बोट फिरवलं तर बोट ओलं. करप्याचा दिवस हा दुसरा आहे. पहिल्या दिवशी तर जोराच्या पावसाने हवेतले आणि पानावरचे बरेचसे बीजाणू धुऊनही निघतात. पण आमच्या मोबाइलवर पहिल्या दिवशी ऑरेंज अलर्ट असतो आणि दुसऱ्या दिवशी काहीच नसतं, त्यामुळे माणूस पहिल्या दिवशी घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्त असतो. ठाण्याला बसून मी स्वतः सल्ला वाचतो तेव्हा मलाही खिडकीतून पाऊस दिसतो, पान दिसत नाही.

वहिनीला पान दिसतं. ती सकाळी बांधावर जाते आणि फोनवर सांगते की आज साडेनऊपर्यंत दंव होतं, काल आठलाच सुकलं होतं. ही तिची माहिती मला तुमच्या पूर्ण पत्रिकेपेक्षा जास्त उपयोगाची वाटते, आणि ती पत्रिकेत यावी एवढंच माझं म्हणणं आहे.

यासाठी नवीन काही शोधायचंही नाहीये. इंग्लंडमध्ये बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी, तोच ज्याने १८४५ पासून आयर्लंडात दुष्काळ पाडला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, १९५६ साली एक साधा नियम बसवला होता. लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त आणि दोन्ही दिवशी आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर किमान ११ तास असेल तर सावध व्हा. पुढे प्रत्यक्ष रोग कुठे कधी आला त्याच्या नोंदींशी तो नियम ताडून बघितला, तो कमी पडतोय असं दिसलं, आणि २०१७ पासून ११ तासांऐवजी ६ तास धरायला लागले. जपानने भाताच्या करप्यासाठी १९८०च्या दशकात पद्धत बसवली, साध्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या तासातासाच्या नोंदी घ्यायच्या, पाऊस, वारा, सूर्यप्रकाश, तापमान, आणि त्यावरून पान किती तास ओलं राहिलं असेल ते काढायचं. पानाचा ओलावा मोजणारं वेगळं यंत्र शेतात लावलेलंच नव्हतं. आपल्याकडेही बटाट्याच्या करप्यासाठी केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने झुलसाकास्ट नावाचं मॉडेल केलंय, आणि नाशिक-सांगलीकडचे कितीतरी द्राक्षवाले बागेत हवामान केंद्र बसवून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका तासांवर बघतात. मग भाताला काय कमी आहे? कर्जतचं भात संशोधन केंद्र शेजारच्याच रायगड जिल्ह्यात, दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणात, आणि महावेध या राज्य सरकारच्या प्रकल्पामुळे महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, हवामान केंद्र बसलेलं आहे जे तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा दिवसरात्र नोंदवतं. त्या नोंदीतून काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत आर्द्रता ९० च्या वर किती तास होती हे काढायला शाळेतलं गणित पुरतं, आणि आर्द्रता ९० च्या वर असलेले तास म्हणजे पान ओलं असल्याचे तास असं ढोबळमानाने धरतात, हे तुमच्याच शास्त्रातलं आहे.

तेवढा एक आकडा द्या. मंडळाचं नाव, काल रात्रीचे ओले तास, रात्रीचं तापमान. बस.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त टोचते कारण यात घरचा पैसा जातो. जोराच्या वाऱ्यापावसानंतर भाताची पानं शेंड्याकडून, कडेकडेने पिवळी पडून वाळायला लागतात. हा जिवाणूचा करपा, कडा करपा म्हणतात तो. याची तऱ्हा बुरशीच्या करप्यापेक्षा पूर्ण वेगळी आहे. याला शांत ओली रात्र लागत नाही, याला वादळी पाऊस लागतो, पानावर पान घासून जखमा होतात, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं आणि त्याच्याबरोबर जिवाणू. २५ ते ३४ अंशांच्या उबेत तो वाढतो, भरमसाट युरिया दिलेल्या हिरव्यागार खाचरात तर फारच. आणि याच्यावर बुरशीनाशक काडीचं चालत नाही. तरी गावोगाव काय होतं, तर पान वाळलेलं दिसलं की माणूस पान खिशात घालून दुकानात जातो, दुकानदार करपा म्हणतो आणि करप्याची म्हणून एक पुडी देतो, ती बुरशीची असते. दादाने पण ती मारलीय, शेजाऱ्यांनीही मारलीय, दुकानाला दोष देऊन उपयोग नाही कारण त्या दिवशीच्या सल्ल्यातही नुसतं करपा एवढंच लिहिलेलं होतं.

ओळखायला पाच मिनिटं लागतात. रोगट पानाचा जिथे पिवळा आणि हिरवा भाग मिळतो तिथला बोटाच्या पेराएवढा तुकडा कात्रीने कापायचा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्यायचं, तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं धरायचं आणि ग्लास उजेडाकडे करून थांबायचं. जिवाणू असतील तर थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसते, आणि अजून ठेवलं तर पाणी गढुळतं. नुसतं वाळलेलं किंवा बुरशीचं पान असेल तर पाणी तसंच राहतं. वहिनीने हे घरच्या ओट्यावर केलं तेव्हा आळीतल्या बायका बघायला आल्या होत्या आणि नंतर त्यांनी आपापली पानं आणून बघितली. हे चार ओळींत सल्ल्यात लिहायला काय हरकत आहे, सोबत एक फोटो टाका. आणि वादळी पाऊस येणार असा अंदाज असेल तेव्हा आधीच लिहा की युरियाचा पुढचा हप्ता थांबवा, पान ओलं असताना खाचरात शिरू नका, रोगट खाचराचं पाणी दुसऱ्याच्या खाचरात सोडू नका, आवणी करताना रोपाचे शेंडे तोडू नका. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

युरियाचं तर मी हात जोडून सांगतो. बुरशीचा करपा असो, कडा करपा असो की बुंध्याकडून चढणारा पर्णकोष करपा असो, जास्तीचा युरिया तिन्हींना खतपाणी घालतो, आणि नेमकं आठवडाभर मळभ असताना, पीक जरा पिवळट दिसायला लागलं की माणसाचा हात युरियाच्या गोणीकडे जातो. त्या आठवड्यात तुमच्या सल्ल्यातली पहिली ओळ युरिया थांबवा अशी असली पाहिजे, फवारणी नंतर.

तिसरं म्हणजे पीक कुठल्या अवस्थेत आहे ते. पूर्वी रोहिणी-मृगात पेरणी, पुनर्वसू-पुष्यात आवणी असा गावांचा मेळ असायचा, आता तो राहिलेला नाही. २०२५ ला मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, नेहमीची तारीख ११ जून, राबाची (रोपवाटिकेची) तयारी अर्धवट असतानाच चिखल झाला, मग कोणाची पेरणी कधी आणि कोणाची कधी. एकाच गावात एकाचं भात पोटरीत, म्हणजे लोंबी अजून पोटात, आणि दुसऱ्याचं अजून फुटव्यात असेल तर भात पिकासाठी म्हणून एकच सल्ला कसा चालेल? पोटरीच्या वेळी सलग पाऊस आणि ढग असतील तर आभासमय काजळीचा धोका असतो, आणि लोंबीत ते हिरवे-पिवळे गोळे दिसल्यावर फवारून काही उपयोग नसतो, जे करायचं ते पोटरीतच. लोंबी निसवताना, म्हणजे बाहेर पडताना, ओल्या रात्री मिळाल्या तर मानमोडी, लोंबीची मानच काळी पडते, दाणे पळंज म्हणजे पोकळ राहतात, आणि वर्षाची मेहनत तिथे जाते. फुटव्यातल्या पानावर चार ठिपके आले तर भात त्यातून सावरतं, मानेवर आलं तर नाही सावरत. म्हणून तेच हवामान एकाला थोडं सावध राहा सांगणारं असतं आणि दुसऱ्याला आज उद्यातच निर्णय घ्या सांगणारं. पोटरीत असेल तर हे, निसवलं असेल तर हे, कापणीला पंधरा दिवस असतील तर काहीही मारू नका, असं तीन वाक्यांत लिहिता येतं.

काहीही मारू नका, हेही सल्ल्यात आलं पाहिजे असं मला फार वाटतं. आजपर्यंत मी एकाही सल्ल्यात या आठवड्यात फवारणीची गरज नाही असं वाक्य वाचलेलं नाही. रात्री सुक्या गेल्या, वारा आहे, ऊन आहे, शेतात ठिपके नाहीत, तर स्पष्ट लिहा की थांबा. पावसाच्या आदल्या संध्याकाळी मारलेलं औषध पुष्कळदा पाण्याबरोबर ओढ्यात जातं, औषधाचे पैसे, मजुरी, आणि पंप पाठीवर घेऊन बिनमास्कचा चिखलात फिरणारा माणूस, या सगळ्याची किंमत आहे. ट्रायसायक्लाझोल या करप्यावरच्या बुरशीनाशकाच्या अवशेषाची मर्यादा युरोपने इतकी खाली आणली की बासमतीवाल्यांची निर्यात अडचणीत आली, आमचं भात युरोपला जात नाही, पण ते आमच्या घरात शिजतं आणि कल्याणच्या बाजारात विकतं.

भाजीबद्दल थोडक्यात लिहितो. पावसाळा संपला की तुमचे रोगाचे इशारे बंद होतात, जणू पाऊस गेला की रोग गेला. आमच्याकडे उलट असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरडी, उबदार हवा पडली की पांढरी माशी वाढते आणि ती भेंडीच्या पानात हळद्याचा विषाणू टोचून जाते, पानाच्या शिरा पिवळ्याधमक, भेंडी फिकट आणि वाकडी, वाशीच्या मार्केटला तिला भाव नाही. काकडीवरच्या भुरीला (पानावर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीला) तर पानावर पाणी लागतच नाही, दिवस कोरडा आणि रात्र दमट असली की तिचं भागतं, पाऊस तिला उलट मारक. पण त्याच काकडीवरचा केवडा हा दुसरा रोग दवावर पोसतो. म्हणजे एकाच वेलावर दोन रोग, एकाला दंव हवं आणि एकाला नको. तेव्हा नुसतं हवामान कोरडे राहील एवढं लिहून विषय संपत नाही, कोरडं म्हणजे कोणासाठी चांगलं तेही लिहा.

आणि तालुक्याचा एकच आकडा देऊ नका. टोकावडं माळशेजच्या सावलीत आहे, तिथलं धुकं सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. मुरबाड शहराच्या पुढे कल्याणच्या बाजूला जमीन मोकळी आहे, तिथे आठलाच ऊन लागतं. शहापुरात डोळखांब वेगळं आणि वासिंद वेगळं, भिवंडीचा खाडीकडचा पट्टा अजूनच वेगळा. सरासरी काढली की ती कुठल्याच गावाची राहत नाही.

एक मागणी जरा अवघड वाटेल. हंगाम संपल्यावर तुमचे इशारे किती खरे ठरले ते जाहीर करा. क्रॉपसॅप या राज्याच्या कीड-रोग सर्वेक्षण योजनेत शेतात जाऊन किडी-रोगांच्या नोंदी घेतल्या जातातच, त्या आणि तुमचे इशारे शेजारी शेजारी मांडा. किती वेळा धोका सांगितला आणि रोग आला, किती वेळा सांगितला आणि आला नाही, किती वेळा न सांगता आला. चुकले म्हणून कोणी तुम्हाला बोल लावणार नाही, इंग्लंडवाल्यांनी ११ चे ६ तास अशाच हिशोबातून केले. कोकणातल्या भाताला ९ तास लागू पडतात की १२, आमच्या रत्ना-जया या वाणांना किती आणि कर्जतच्या नव्या वाणांना किती, हे इथल्याच नोंदींतून निघेल, जपानचा आकडा उचलून इथे लावता येणार नाही.

हे महत्त्वाचं का, तर १९४२ साली बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग प्रचंड आला होता. त्या वर्षीचं विचित्र ओलं, ढगाळ हवामान त्याला कारण होतं असं भातरोगांचे शास्त्रज्ञ डॉ. पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये मांडलं. पुढच्या वर्षीच्या दुष्काळाला युद्ध, साठेबाजी आणि तेव्हाच्या सरकारची धोरणं जबाबदार होतीच, तो वाद वेगळा, पण कटकची भात संशोधन संस्था १९४६ ला उभी राहिली ती त्या दुष्काळानंतरच. हवामान आणि भाताचा रोग यांचं नातं या देशाने एवढी किंमत मोजून बघितलंय, ते बांधावरच्या शेतकऱ्यापर्यंत पोचायला अजून किती वर्षं?

आमच्या बाजूने आम्ही काय करू तेही लिहितो, म्हणजे नुसत्या मागण्या होणार नाहीत. येत्या खरिपात एखाद्या मंडळात हे सुरू करा, आमचंच घ्या. गावातल्या बायका सकाळी शेतात असतातच, पान किती वाजता सुकलं हे त्या रोज व्हॉइस मेसेजने पाठवतील, वहिनीने तिच्या गटात आधीच विचारून ठेवलंय. पहिला ठिपका कुठल्या खाचरात कधी दिसला, पीक कुठल्या अवस्थेत होतं, युरिया कधी दिला होता, फोटोसकट पाठवू. टाइप करणं, तक्ता करणं, तुमच्या फॉरमॅटमध्ये बसवणं हे मी इथे कळव्यात बसून करेन. तुम्ही फक्त केंद्राच्या तासातासाच्या आर्द्रतेची नोंद आमच्यासाठी उघडी करा आणि सल्ल्यात ओल्या तासांची एक ओळ वाढवा. आवणीच्या आधी निरोप आला तर राबातल्या रोपांपासूनच नोंदी सुरू करता येतील, करपा राबातही येतो.

आपला,
मुरबाड तालुक्यातला एक भातशेतकरी, सध्या मुक्काम कळवा, ठाणे